पुस्तकांचं कपाट दारासारखं उघडायचं असेल तर वजन जमिनीवर द्या

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अंबाजोगाईला तुमचा जुना वाडा आहे, भिंती दगड-मातीच्या, अडीच फूट जाडीच्या. माजघरातून धान्याच्या जुन्या खोलीत जायला तीन फुटी दार आहे. त्या खोलीची तुम्ही अभ्यासाची खोली केली आहे. आता दाराच्या जागी वडिलांच्या पुस्तकांचं कपाट हवं, ओढलं की ते दारासारखं उघडावं आणि बंद असताना मागे खोली आहे हे कुणाला कळू नये. व्हिडिओत दाखवतात तसे चार-पाच मजबूत कब्जे, म्हणजे बिजागऱ्या, लावले की झालं, असं तुम्हाला वाटतं. तुमचे मिस्त्री म्हणतात, ‘सहा महिन्यांत लटकेल.’

तुमचे मिस्त्री बरोबर बोलतात. त्यांनी नकार दिला म्हणून त्यांना सोडू नका. ज्या माणसाला आधी वजन दिसतं, तोच हे काम नीट करेल. मी लातूरला सत्तावीस वर्षं सुतारकाम करतो आणि अशी अकरा दारं केली आहेत. त्यातली दोन पुन्हा काढून नव्याने बसवावी लागली. त्या दोन दारांनी जे शिकवलं, तेच पुढे सविस्तर लिहितो. लपवण्याचा भाग सोपा आहे, तो शेवटी दोन पट्ट्यांनी होतो. अवघड भाग हा, की शंभर किलोच्या वरचा डोलारा एका कडेवर तोलून, वर्षानुवर्षं, एका बोटाने फिरला पाहिजे.

आधी वजन काढू. घरात किराण्याचा काटा असेल तर आजच एक प्रयोग करा. शेल्फवरची एक फूट लांबीची पुस्तकं काढा आणि तोला. साध्या कथा-कादंबऱ्या असतील तर साधारण साडेसहा किलो भरतात. कायद्याची पुस्तकं, कोशाचे खंड किंवा गुळगुळीत कागदाची चित्रांची पुस्तकं असतील तर दहाच्या वर जातात. तुमचं कपाट ३० इंच रुंद, ६ फूट उंच, सहा खणांचं धरलं तर पुस्तकांची एकूण लांबी झाली पंधरा फूट. म्हणजे ९५ ते १०० किलो नुसती पुस्तकं. १८ मिमी प्लायचं रिकामं कपाट आणखी ३५ ते ४०. बेरीज १३५ च्या घरात. घरातलं साधं फ्लश डोअर तीसेक किलोचं असतं. म्हणजे नेहमीच्या दाराच्या चौपट वजन तुम्ही त्याच स्क्रूंवर टांगायला निघाला आहात.

कब्जा स्वतः तुटत नाही, तो मजबूतच असतो. सुटतात ते प्लायच्या कडेत गेलेले स्क्रू. प्लायच्या कडेला स्क्रू थरांच्या मधे शिरतो, थर फाकवतो, आणि पल्ला उघडझाप झाला की रोज केसभर बाहेर येतो. २०११ मध्ये लातूरच्या एका घरात मी पाच इंची पाच कब्जे लावून दहा इंच खोलीचं कपाट टांगलं होतं. बसवलं त्या दिवशी ते लोण्यासारखं फिरत होतं. पुस्तकं भरली आणि दोन महिन्यांत मोकळी कड तीन सूत खाली आली (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). खालच्या ग्रॅनाइटवर पाव वर्तुळाचा ओरखडा उमटला. घरच्या ताईंनी तक्रारीचा शब्द काढला नाही, फक्त रोज सकाळी तो ओरखडा पुसायच्या. मी ते दार उतरवलं, माझ्या खर्चाने पुन्हा केलं, आणि तेव्हापासून पुस्तकांचं दार कब्ज्यावर टांगायचं नाही हे ठरवून टाकलं. चार इंच खोलीचं, नुसत्या शोभेच्या वस्तू ठेवायचं हलकं कपाट असेल तर कब्जे चालतील. तुमचं तसं नाही.

मग कशावर फिरवायचं? याचं उत्तर तुमच्याच वाड्यात आहे. वाड्याचं जुनं मुख्य दार शाबूत असेल तर त्याच्या खालच्या कोपऱ्याशी बसून बघा. जुन्या दारांना बिजागरी नसायचीच. जाड फळीच्या एका कडेला वर आणि खाली लाकडाचा गोल खुंट राखलेला असायचा. खालचा खुंट उंबऱ्याजवळच्या दगडातल्या खळग्यात बसायचा, वरचा चौकटीच्या भोकात. दोन-दोन मण वजनाची, लोखंडी पट्ट्या आणि खिळे ठोकलेली ती दारं शंभर-दीडशे वर्षं फिरली, कारण सगळं वजन सरळ दगडात उतरत होतं. वरच्या खुंटाचं काम फक्त दार पडू न देण्याचं. आपल्यालाही हेच करायचं आहे, लाकडी खुंटाच्या जागी लोखंडी खुंटी आणि दगडाच्या खळग्याच्या जागी बेअरिंग.

हिशेबाने बघा. १३५ किलोचा पल्ला, खुंटीपासून वजनाचा मध्य साधारण ३३ सेंटिमीटरवर, आणि वरच्या-खालच्या खुंट्यांमध्ये १८० सेंटिमीटर अंतर. वरच्या खुंटीवर आडवी ओढ येते जेमतेम २५ किलोची. एवढी ओढ चौकटीची एक पट्टी सहज पेलते. उरलेलं सगळं ओझं खाली जमिनीवर. म्हणून खालची जागा जितकी पक्की, तितकं दार पक्कं.

इथपर्यंतचं कुठल्याही घराला लागू आहे. यापुढचं बरंचसं तुमच्या भिंतीवर आणि जमिनीवर अवलंबून आहे, आणि मी ती पाहिलेली नाही.

दगड-मातीच्या भिंतीत अँकर बोल्ट, म्हणजे भोक पाडून आत आवळायचा बोल्ट, धरत नाही. ड्रिल दगडात गेलं तर दगड हलतो, सांध्यात गेलं तर नुसती माती निघते. मी पुन्हा करावं लागलेलं दुसरं दार याच कारणाने गेलं. म्हणून तुमच्याकडे चौकट भिंतीला लटकलेली नको, ती स्वतःच्या पायावर उभी हवी. १०० बाय ५० मिमीच्या लोखंडी चौकोनी पाइपची चौकट वेल्डिंग करून घ्या, खाली उंबऱ्याच्या जागीही आडवी पट्टी जमिनीत गाडलेली, म्हणजे चारी बाजूंनी बंद चौकोन झाला. भिंतीला ती फक्त होल्डफास्टने, म्हणजे भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्टीने, काँक्रीटचे छोटे ठोकळे भरून, तीन-तीन ठिकाणी धरायची. सागवानी चौकटही चालते, किनवटकडचा जुना साग वाड्याच्याच उतरवलेल्या तुळयांतून मिळाला तर त्याच्यासारखं लाकूड नाही. पण मग भिंतीकडच्या बाजूला डांबर फासा आणि भिंत व लाकूड यांत बोटभर फट ठेवा. मातीची भिंत पावसाळ्यात ओल धरते आणि वाळवी त्याच वाटेने येते. दार मोठं करायला भिंत फोडायचा मोह मात्र टाळा. जुन्या दारावरची लाकडी तुळई किंवा दगड वरच्या माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, ओझं धरून असतो. त्याला हात लावायचा तर आधी इंजिनिअरला दाखवा.

नव्या सिमेंटच्या घरात राहणाऱ्यांसाठी एक ओळ: नऊ इंची विटेची भिंत असेल तर काम सोपं आहे, साडेचार इंची पार्टिशन असेल तर तुमच्यासारखीच स्वतंत्र चौकट लागेल.

जमिनीचं काय? शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर थेट खुंटी बसवू नका. फरशीखाली बहुतेक ठिकाणी पोकळ असतं, एका बिंदूवर शंभरावर किलो आलं की ती तडकते. खुंटीच्या जागची फरशी काढा, फूटभर बाय फूटभर, आठ इंच खोल खड्डा घ्या, एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी असं काँक्रीट भरा आणि त्यातच १० मिमीची लोखंडी प्लेट खाली पाय वेल्ड करून बसवा. सात दिवस पाणी मारा. त्याआधी कपाट आणून उभं करू नका, कितीही घाई असली तरी.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट असते. घर काळ्या मातीवर असेल तर जमीन वर्षभर स्थिर नसते. पावसाळ्यात काळी माती फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते, आणि वरची चौकट दर मोसमात थोडी थोडी तिरकी होते. वैशाखात मोकळं फिरणारं दार श्रावणात अडतं ते काही वेळा लाकूड फुगल्यामुळे, पण बऱ्याचदा चौकट हलल्यामुळे. अंबाजोगाई बालाघाटाच्या डोंगरावर आहे, तुमच्या वाड्याचा पाया मुरमावर किंवा खडकावर असायची शक्यता चांगली आहे. जुन्या माणसांना विचारा. पाया मातीवर असेल तर फटी मी सांगतो त्याहून एक सूत जास्त ठेवा.

आता कपाटाची खोली, म्हणजे पुढून मागपर्यंतचं माप. इथे बहुतेक जण फसतात. साधं दार चौकटीतून सहज बाहेर येतं कारण ते पातळ असतं. कपाट म्हणजे खोका. तो एका कोपऱ्यावर फिरवला की त्याचा मोकळ्या बाजूचा मागचा कोपरा रुंदीपेक्षा लांबचं वर्तुळ काढतो आणि चौकटीला आपटतो. पुढच्या कडेवर कब्जा धरला आणि कपाटाची रुंदी ७५० मिमी असली, तर २५० मिमी खोलीच्या कपाटाला मोकळ्या बाजूला ४१ मिमी फट लागते. खोली २०० केली तर २६, आणि १५० केली तर फक्त १५. खोली थोडी घटवली की फट भराभर घटते. कपाट अरुंद केलं तर फट कमी होईल असं वाटतं, पण ती उलट वाढते. २०० मिमी खोलीचं कपाट ९०० रुंद असेल तर २२ मिमी पुरतात, ४५० रुंद केलं तर ४२ लागतात. म्हणून ‘दोन पल्ले करू, हलके होतील’ असं कुणी सुचवलं तर वजन कमी होईल, पण लपवायची फट दुप्पट होईल हे लक्षात घ्या.

मग खोली किती ठेवायची? तुमच्या वडिलांची पुस्तकं बहुतेक डेमी आकाराची असतील, साडेआठ बाय साडेपाच इंच. क्राउन त्याहून लहान. म्हणजे आतून साडेसहा इंच खोली भरपूर झाली. पाठीचा प्लाय धरून बाहेरून १८० मिमी. मोठ्या आकाराचे खंड बाजूच्या न हलणाऱ्या कपाटात जाऊ द्या. मी नेहमी शेजारी निदान एक तरी स्थिर कपाट करायला सांगतो, त्याचं कारण पुढे येईल.

खुंटी अगदी कोपऱ्यात बसवता येत नाही, ती थोडी आत घ्यावी लागते. मी बाजूच्या कडेपासून ४० मिमी आणि पुढच्या कडेपासून ४० मिमी आत घेतो. त्याने हिशेब बदलतो, आणि आपल्या फायद्याचा बदलतो. १८० खोली आणि ७५० रुंदीच्या कपाटाला मोकळ्या बाजूला १४ मिमी फट पुरते. मात्र खुंटीच्या बाजूचा पुढचा कोपराही आता फिरताना बाहेर सरकतो, त्याला १७ मिमी लागते. हाताशी थोडं राखून मी मोकळ्या बाजूला १८ आणि खुंटीच्या बाजूला २० ठेवतो. या आकड्यांवर माझ्यावरही विश्वास ठेवू नका. टीव्हीच्या किंवा फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, कपाटाचा वरून दिसणारा आकार पूर्ण मापाने कापा, जमिनीवर खडूने चौकट आखा, खुंटीच्या जागी जाड खिळा धरा आणि पुठ्ठा फिरवून बघा. कुठे अडतं ते पाच मिनिटांत डोळ्यांनी दिसतं. माझ्या दुकानात आजही पुठ्ठा फिरवल्याशिवाय प्लायला करवत लागत नाही.

त्याच पुठ्ठ्यावर दुसरी गोष्टही कळेल. दार काटकोनात उघडलं की कपाटाची जाडी वाटेतच उभी राहते. आतून ७९० मिमीच्या चौकटीत जायला वाट उरते ५९० मिमीची, म्हणजे तेवीस इंच. माणूस आरामात जातो. आत टेबल किंवा लोखंडी पलंग न्यायचा असेल तर तो कपाट बसवण्याआधी नेऊन ठेवा.

या फटी झाकायच्या कशा? पुढून साठेक मिमी रुंद पट्ट्या. पण कोणती पट्टी कशाला ठोकायची यात चूक झाली तर दार उघडतच नाही. मोकळ्या बाजूची उभी पट्टी कपाटाला ठोका, ती चौकटीवर चढू द्या. खुंटीच्या बाजूची पट्टी मात्र चौकटीला ठोका आणि ती कपाटाच्या कडेशीच थांबवा, कपाटावर येऊ देऊ नका, नाहीतर फिरणारं कपाट तिला अडेल. कारण असं: दार ओढलं की खुंटीच्या पलीकडचा भाग बाहेर येतो आणि अलीकडचा दोन बोटांचा भाग आत जातो. आत जाणाऱ्या भागावर कपाटाची पट्टी असली तर ती चौकटीत रुतते. वरची आडवी पट्टी कपाटाला असते, तीही खुंटीच्या बाजूला कापायची, नेमकी कुठे ते पट्टीसकट पुठ्ठा फिरवून ठरवा. हा छोटा सांधा दिसू नये म्हणून तिथे उभ्या पट्टीवर एखादं साधं कोरीव फूल किंवा चौकोनी ठोकळा बसवा. आपल्या वाड्यांच्या खांबांवर, तुळयांच्या टोकांवर असं काम असतंच, नजर अडत नाही.

आता कपाटाच्या बांध्याकडे येऊ. हे कपाट आधी दार आहे, नंतर कपाट. घरातलं नेहमीचं कपाट चार पायांवर उभं असतं. हे एका कोपऱ्यावर उभं राहणार, आणि मोकळी कड हवेत. ती कड खाली येऊ नये यासाठी सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे पाठ. मिस्त्री मंडळी सवयीने पाठीला ६ मिमीचा प्लाय चुका मारून बसवतात, इथे तो अजिबात नको. १२ मिमीचा प्लाय, चारी कडा आणि प्रत्येक फळीवर फेविकॉल लावून, दर चार इंचाला स्क्रू. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून आणि दोन्ही कर्ण मोजून, ते सारखे आल्यावरच पाठ आवळा. एकदा ती बसली की कपाट चौकोनी राहील की समांतरभुज, हे कायमचं ठरलं.

खुंटीच्या बाजूची उभी फळी दुहेरी करा, १८ आणि १८ मिमी चिकटवून ३६. आडव्या फळ्या बाजूंमध्ये ६ मिमीच्या खाचा करून बसवा, नुसत्या स्क्रूवर ठेवू नका. सरकत्या, वर-खाली करता येणाऱ्या फळ्यांचा आग्रह बरेच जण धरतात. सहापैकी एखादा खण तसा ठेवता येईल, बाकी फळ्या पक्क्या हव्यात, त्या कपाटाच्या बरगड्या आहेत. ३० इंच लांबीची १८ मिमी फळी पुस्तकांनी मधे झुकू नये म्हणून पुढे दीड इंच रुंदीची सागाची पट्टी उभी लावा, आणि ती फळीच्या वर अर्धा इंच येऊ द्या. दार उघडताना पुस्तकं पुढे सरकतात, ही कड त्यांना अडवते. प्लाय पाण्याला टिकणाऱ्या प्रतीचाच घ्या, त्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो. मातीच्या भिंतीशेजारी स्वस्त प्लाय पहिल्या पावसाळ्यानंतर थर सोडायला लागतो.

खालच्या खुंटीसाठी फॅब्रिकेशनवाला आणि लेथवाला, दोघांची गरज पडेल. ५० बाय ६ मिमीच्या पट्टीचा काटकोनी तुकडा करून घ्या, एक हात कपाटाच्या तळाखाली फूटभर, दुसरा खुंटीच्या बाजूने वर फूटभर, दोन्ही आरपार बोल्टने आवळलेले. त्याला खाली २५ मिमी जाडीची खुंटी, लेथवर साफ केलेली. ही खुंटी जमिनीतल्या प्लेटवर थ्रस्ट बेअरिंगमध्ये, म्हणजे वरून येणारं वजन पेलत फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये, बसेल. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात २५ मिमी भोकाचं असं बेअरिंग सहज मिळतं आणि ते याच्या कितीतरी पट वजन पेलतं. जुन्या मोंढ्याजवळच्या एका लेथवाल्याने मला हे पहिल्यांदा सुचवलं, तोपर्यंत मी महागडे तयार संच मागवायचो. काचेच्या दारांना लागणारा फ्लोअर स्प्रिंगही वापरता येतो, पण त्याचा किलोचा आकडा बघून घ्या, आणि तो दार आपोआप ओढून घेतो हे लक्षात असू द्या. पुस्तकांच्या दाराला मला तो झटका आवडत नाही.

वरची खुंटी आतून, सगळ्यात वरच्या खणातून वर सारायची. चौकटीच्या आडव्या पाइपला भोक आणि त्यात बुश, म्हणजे खुंटी फिरायला धातूची नळी, आधीच बसवलेली. कपाट खाली बेअरिंगवर उभं केलं, दोघांनी सरळ धरलं, आणि तिसऱ्याने वरच्या खणात हात घालून २० मिमीची खुंटी वर ढकलून नट आवळला की झालं. खुंटीची प्लेट वरच्या फळीला ज्या बोल्टांनी धरली आहे, त्यांची भोकं लांबट ठेवा आणि फळीतलं खुंटीचं भोक मोठं. पुढे कधी चौकट हलली तर पुस्तकांचा एक खण रिकामा करून, पान्याने बोल्ट सैल करून, कपाट दोन सूत इकडे-तिकडे करता येतं. उंची कमी-जास्त करायला बेअरिंगखाली वॉशर.

बसवताना एकच पथ्य: दोन्ही खुंट्या एकाच ओळंब्यात. वरच्या भोकातून दोरी सोडा आणि ओळंब्याचं टोक खालच्या खुणेवर येईपर्यंत धीर धरा. वारा असेल तर खिडकी लावा, ओळंब्याचं वजन पाण्याच्या तांब्यात सोडा म्हणजे लवकर स्थिर होतं. एका सुताचा फरक पडला तरी दार आपोआप उघडत राहील किंवा आपोआप मिटेल. रिकामं कपाट बसवून अर्धं उघडा आणि हात काढा. जिथे सोडलं तिथेच थांबलं तर ओळंबा बरोबर आहे.

मोकळ्या कडेखाली चाक लावायचा सल्ला तुम्हाला अनेकजण देतील. मी देत नाही. चाक फिरायला पाव वर्तुळाची पूर्ण जमीन एका पातळीत हवी, आणि वाड्याची शहाबादी फरशी तशी कधीच नसते. उंच फरशीवर चाक चढलं की सगळं कपाट वर उचललं जातं, खुंटी बेअरिंगमधून हलते. चाक न लावता पातळी बघायच्या पाण्याच्या नळीने त्या पाव वर्तुळातला सगळ्यात उंच ठिपका शोधा आणि कपाटाचा तळ त्याच्या वर दहा मिमी राहील असं बघा.

उघडण्याची युक्ती. आत साधी लोखंडी खिट्टी, बाहेरून ती ओढायला सायकलच्या ब्रेकची केबल. केबल एका लाकडी खोट्या पुस्तकाला जोडा, पुस्तक पुढे कललं की खिट्टी सुटते. विजेवर चालणारी चुंबकी कुलुपं बाजारात आहेत, मुलांना ती फार आवडतात. पण वीज गेल्यावर काय होईल याचं उत्तर विक्रेत्याकडून नीट मिळेपर्यंत घेऊ नका.

आणि हे मी आग्रहाने सांगतो: आतून हे दार किल्लीशिवाय, विजेशिवाय, अंधारात, चार वर्षांच्या मुलालाही उघडता आलं पाहिजे. आतल्या बाजूला मुलाच्या उंचीवर मोठी, उघड दिसणारी मूठ बसवा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मी औसा तालुक्यातल्या आमच्या गावात पाहिली आहे, तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. गणपती विसर्जनाच्या रात्रीची झोप होती आणि चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आमचं घर उभं राहिलं, पण चौकट तिरकी होऊन मधल्या खोलीचं दार अडकलं. आत आजी होती. वडिलांनी आणि चुलत्यांनी पहारीने दार काढलं, तोवरचा वेळ मला अजून आठवतो. म्हणून मी गिऱ्हाइकाला विचारतो, त्या खोलीला दुसरी वाट आहे का? खिडकी आहे का? नसेल तर ती झोपायची खोली करू नका. घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, ते दार आतून कसं उघडतं हे दाखवून ठेवा. विजेचा बोर्ड किंवा मीटर या कपाटामागे जाऊ देऊ नका. आणि शेजारच्या स्थिर कपाटाला भिंतीच्या होल्डफास्टला वरून बांधून टाका, ते पडलं तर नेमकं या दारासमोर पडेल.

स्थिर कपाट हवं म्हणालो त्याचं दुसरं कारण लपवण्याचं. भिंतीत एकटंच कपाट असलं की पाहुणा त्याच्याकडे बघतो. शेजारी तशाच उंचीच्या, तशाच फळ्यांच्या ओळीत दुसरं असलं की दोन्ही मिळून एक सलग भिंत वाटते, आणि उभ्या पट्टीमागची फट तिच्यात हरवते. गुपित फोडतात त्या दोन वेगळ्याच गोष्टी. एक म्हणजे जमिनीवरचा कमानीसारखा मळका पट्टा. त्यासाठी दार खाली घासायला नको, आणि समोर सतरंजी नको, कारण तिची दुमडलेली कड रोज सगळं सांगते. दुसरी म्हणजे त्या खोट्या पुस्तकावर पडणारे बोटांचे डाग. ते पुस्तक जाड कापडी बांधणीचं, गडद रंगाचं करा आणि नजरेच्या उंचीला ठेवू नका.

कामाचा क्रम थोडक्यात सांगतो म्हणजे मिस्त्रींशी बोलायला सोपं जाईल: पुठ्ठा फिरवून माप पक्कं, मग काँक्रीट आणि चौकट, मग रिकामं कपाट ओळंब्यात, त्यानंतर वजन, आणि पट्ट्या व पॉलिश सगळ्यात शेवटी. जमलं तर मार्च-एप्रिलमध्ये बसवा आणि पट्ट्या दिवाळीच्या आधी ठोका. मधला पावसाळा त्याला बिनपट्टीचा जाऊ द्या, फटी उघड्या दिसल्या तरी चालेल. कुठे अडतं ते तेवढ्या दिवसांत कळून जातं आणि लांबट भोकांनी ते सरळ करता येतं.

पुस्तकं एकदम भरू नका. सगळ्यात खालच्या खणापासून सुरुवात करा, जड पुस्तकं खाली आणि खुंटीच्या बाजूला, हलकी वर आणि मोकळ्या बाजूला. एक खण भरला की दार उघडून बघा, मोकळ्या कडेखाली ८ मिमीचा प्लायचा तुकडा सरकवून बघा. तो सहज गेला तर पुढचा खण. पूर्ण भरल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा तोच तुकडा सरकवा आणि वरच्या खणातले नट एकदा आवळून घ्या.

तुमच्या उत्तरात मला दोन गोष्टी हव्या आहेत: सध्याच्या दारावर दगड आहे की लाकडी तुळई, आणि त्या खोलीला दुसरी वाट किंवा खिडकी आहे का. त्या कळल्या की चौकटीचं नेमकं माप काढून देतो.